तुझ्या हाताजोगा बॉल

गिरगाव, मुंबई
रविवार, फेब्रुवारी १९५८

प्रिय लीला,

तुझं पत्र पोचलं. टपालाच्या पत्रापेक्षा माणसाच्या हातून आलेल्या पत्राला एक वेगळीच ऊब असते. कालिंदीबाई दादरला माहेरी उतरल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी धोबी तलावला आपल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात हजर. मी ओळखलं नाही. शाळेसाठी बॅडमिंटनची फुलं घ्यायला आलेल्या कुणी बाई असतील असं समजून मी आत माल लावत असलेल्या रघुला हाक मारणार, तोच त्या म्हणाल्या, "मी लीलाताईंच्या बागेतल्या डॉक्टरांची बायको." बाग म्हणजे चहाचा मळा, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. मग मात्र मी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि तू पाठवलेला चहाचा डबा नाकाशी धरून, गिऱ्हाइकं खोळंबली तरी तसाच उभा राहिलो. डब्याला तुमच्याकडच्या धुक्याचा वास येत होता. रघु म्हणतो, तो पत्र्याचा वास. असेल.

आज दुकान बंद. तुझी आई जेवून आडवी झाली आहे. मी गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. चौपाटीवरून वारा येतो, कागदाचा कोपरा उचलतो आणि काय चाललंय ते बघून पुन्हा ठेवून देतो. खालच्या अंगणात कुणीतरी पापड वाळत घातले आहेत आणि एक कावळा बराच वेळ आपण त्या गावचेच नाही असं दाखवत त्यांच्याभोवती फिरतो आहे.

तू विचारलं आहेस, माझ्यासारख्या खेळणारीने गोल्फचा कोणता बॉल घ्यावा? फार महाग नको, पण हाताला साजेल असा. त्याचं उत्तर आधी देतो. प्रश्न तू मनापासून विचारला आहेस आणि शेवटी मी दुकानदार माणूस.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, सगळ्यांत चांगला बॉल कोणता. मी विचारतो, कुणासाठी? लोकांना वाटतं म्हातारा शब्दांत खेळवतो आहे. पण गोल्फच्या बॉलचं तसंच आहे. वरून सगळे सारखे पांढरे, आतून प्रत्येकाचा स्वभाव निराळा. आत रबराचा दोरा ताणून गुंडाळलेला असतो. ताण जितका जास्त तितका बॉल कडक. कडक बॉल लांब जातो हे खरं, पण ज्याचा फटका कडाडून येतो त्याच्याच हातून. बॉल आधी दबावा लागतो, तेव्हा तो उसळी घेतो. बेताच्या हाताने कडक बॉल मारला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात आणि बॉल थोडा पुढे जाऊन रुसल्यासारखा बसतो. मग माणूस आणखी जोर लावतो, मान उचलतो, आणि सगळंच बिघडतं. तुझा हात सैल आणि लयीचा आहे. तुला मऊ गुंडाळीचा बॉल हवा. तो तुझ्या फटक्याला दबेल, आणि तुमच्या बागेतल्या मोठ्या साहेबांच्या कडक बॉलपेक्षा तुझ्या हातून जास्त लांब जाईल. मऊ म्हणजे कमी प्रतीचा, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे.

आता सालीविषयी. महागड्या बॉलची साल पातळ असते. पट्टीच्या खेळाडूच्या हाती ती बॉलला हवा तिथे थांबवते. पण काठीची कड जरा वर लागली की तिला चीर पडते, अगदी ओठ विलगून हसल्यासारखी. तू शिकते आहेस, चुकीचे फटके बसणारच, तेव्हा जाड सालीचा घे. तुमच्याकडचं गवत ओलं, बॉल घरंगळत फार जायचा नाही, म्हणून तो हवेत उचलला जायला हवा. त्यालाही मऊच बरा. थंडीत बॉल आखडतो. सकाळी खेळायचं असेल तर आदल्या दिवशी उबेच्या खोलीत ठेव आणि निघताना पदरात गुंडाळून ने.

खर्चाचं म्हणशील, तर सरकारने परदेशी मालावर बंधनं घातल्यापासून नवे बॉल औषधालाही मिळेनासे झाले आहेत. जे मिळतात त्यांची किंमत सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. म्हणून सामन्यापुरता एखादा नवा ठेवावा आणि सरावाला जुने वापरावेत. जुना घेताना दोन गोष्टी बघ. तळ्यातून काढलेला नको; वरून कितीही पुसला तरी आतलं रबर मेलेलं असतं. आणि पुन्हा रंग दिलेला नको. रंगाने अंगावरचे खळगे बुजतात. ते खळगे नक्षीसाठी नसतात गं, त्यांच्याच जोरावर बॉल हवेत तरंगतो. बॉल एका बाजूला जड आहे का हे बघायचं असेल तर बादलीत भरपूर मीठ विरघळवून त्यात तो सोड. दर वेळी तीच बाजू वर येत असेल तर तो कधीच सरळ जाणार नाही, मग दोष स्वतःच्या हाताला देत बसू नये.

हे लिहिताना तू लहानपणी बॉल कापला होतास ते आठवलं. तुला आत काय आहे ते बघायचं होतं. सुट्टीचा दिवस होता, मी न्हाणीघरात होतो, आणि तू विळीवर बॉल धरून त्याची साल सोलून काढलीस. मग दोऱ्याचं टोक सापडलं आणि तू ते ओढत सुटलीस. मी बाहेर आलो तर सगळ्या घरात दोरा. पलंगाच्या दांडीला, देव्हाऱ्याच्या कडीला, गॅलरीच्या कठड्याला, आणि तिथून जिन्याने खाली. इतक्याशा बॉलमध्ये एवढं मावतं तरी कसं, असं तुझी आई म्हणाली आणि रागवायचं विसरली. तू अंगणात उभी होतीस, हातात सुपारीएवढा गोळा, आणि उन्हात तो दोरा कोळ्याच्या जाळ्यासारखा चमकत होता. मी धावत येऊन तो गोळा हिसकावला, कारण काही बॉलच्या पोटात पातळ रसायन असतं आणि ते डोळ्यांत उडतं. तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस की पपा, तो सुटायला लागल्यावर माझ्या हातात थरथरत होता.

आणि त्या पहाटा. ताडदेवच्या पलीकडच्या क्लबच्या मैदानावर नवे बॉल मारून बघायची मला परवानगी होती, सभासद यायच्या आत. तुला मी घोंगडीत गुंडाळून घोड्याच्या व्हिक्टोरियातून न्यायचो. मैदानावर दव इतकं असायचं की आपण चाललो तिथे हिरव्या पायवाटा उमटायच्या आणि बाकी सगळं चांदीचं. परळच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे, लांबून आल्यामुळे गोड वाटायचे, जणू समुद्रातली जनावरं एकमेकांना साद घालताहेत. तुझ्यासाठी एक काठी कापून आखूड केली होती. तू बॉलसमोर उभी राहायचीस, ओठ मुडपून, आणि मग खांद्यांपासून पायांपर्यंत सगळी एका झोक्यात वळायचीस. एकदा तू मारलेला बॉल घारीने अलगद उचलला आणि ती वरळीच्या दिशेने निघून गेली. आपण दोघं माना वर करून बघत राहिलो. तू म्हणालीस, "तिला अंडं वाटलं असेल. आता ती त्याच्यावर बसेल." त्या दिवसानंतर कित्येक आठवडे तू मला विचारायचीस, फुटलं असेल का हो ते?

खेळताना तू मोठ्याने बोलायचीस, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. फटका चांगला बसला की "गेला!" म्हणून ओरडायचीस. माळी लांबून हात उंचावायचे. तिथल्या सेक्रेटरीने एकदा मला हळूच सुचवलं की मैदानावर शांतता पाळायची असते. मी तुला ते कधी सांगितलं नाही.

आता इकडची खबर. रघु बरा आहे. कपाळावरची खूण फिकी झाली आहे, पण आरशात तिच्यावरून बोट फिरवल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. नोव्हेंबरात तो लालबागच्या मंडळींबरोबर संयुक्त महाराष्ट्रासाठी प्रतापगडाच्या निदर्शनांना जाऊन आला. इतकं चालणं झालं की पायाची सालटी निघाली. येईल त्या गिऱ्हाइकाला चप्पल काढून दाखवत होता. नरे पार्कवर सभा असली की दुपारनंतर त्याचं लक्ष दुकानात नसतं. मी म्हणतो, जा बाबा. हे द्वैभाषिक राज्य काही टिकायचं नाही, मुंबईसह महाराष्ट्र येत्या साल-दोन सालांत होईल, असं आता फोर्टातली पारशी गिऱ्हाइकंसुद्धा बोलायला लागली आहेत. तुझी आई हळदीकुंकवाला गेली की तिथेही तेच. परवा तिने कोबीचं भानोळं केलं होतं. वाढताना म्हणाली, "लीलाला कडेची खरपूस वडी लागायची," आणि ती वडी कुणीच खाल्ली नाही.

रघुची खूण म्हटली की छप्पन सालचा जानेवारी आठवतोच. मनमोहन त्याआधी थोडेच दिवस दुकानात आला होता. ठाकुरद्वारला मावशीकडे उतरलेला, आसामहून रजेवर आलेला, उंच, हसरा. त्याने बॉल मागितले. मी नेहमीसारखं विचारलं, कसा खेळता. तो म्हणाला, "काका, आमचे मोठे साहेब जो वापरतात तोच द्या." मी त्याला काठी फिरवून दाखवायला सांगितलं. हात तुझ्याचसारखा, बेताचा. मी मऊ बॉल पुढे केला. तो खळखळून हसला आणि म्हणाला, "काका, बॉल पिशवीतून काढताना चार लोक बघतात." मी त्याला कडक बॉल बांधून दिले. तू तेव्हा पावती फाडत होतीस आणि तूही हसलीस. मलाही ते उत्तर गमतीचंच वाटलं होतं.

मग मुंबई केंद्राकडे जाणार ही बातमी आली आणि गिरगाव पेटलं. मनमोहन आपल्याकडे जेवायला आला होता आणि संचारबंदीत अडकला. ते दिवस मला अजून स्वप्नातल्यासारखे दिसतात. खिडक्या बंद, फटींतून आत येणाऱ्या उन्हाच्या रेघा, बाहेर पळणाऱ्यांच्या पावलांचा आवाज, लांबून गोळीबार, आणि मग कबुतरंही गप्प व्हावीत अशी शांतता. दूध नव्हतं. तुझी आई काळा चहा करायची आणि मनमोहन तो पिताना चहाच्या बागेच्या गोष्टी सांगायचा: सकाळी झाडांच्या ओळी धुक्यातून एकेक करून कशा वर येतात, नदी पावसाळ्यात कशी वाट्टेल तिथून वाहते. तू भिंतीला टेकून ऐकत असायचीस. आणि एका दुपारी रघु जिना चढून आला. दुकानाचं कुलूप बघायला म्हणून निघालेला; वाटेत लाठी बसली. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त. दारातच कोसळला. मी गोंधळलो. तुझी आई देवाचं नाव घेत राहिली. मनमोहनने अंगातला रेशमी सदरा काढला, टरकन फाडला, रघुचं डोकं मांडीवर घेतलं आणि जखम बांधली. त्याचे हात जराही कापत नव्हते. मग संचारबंदीत, पांढरा रुमाल हलवत, तो रस्ता ओलांडून डॉक्टरांना घेऊन आला. पाण्याचं भांडं तू धरलं होतंस. तू त्याच्या हातांकडे बघत होतीस. मी तुझ्याकडे बघत होतो.

लीला, त्या दिवसांतला मनमोहन खोटा नव्हता. हे मी आज इतक्या लांबून आणि नीट विचार करून लिहितो आहे. त्याला पाहून तू जे ठरवलंस ते डोळे उघडे ठेवून ठरवलंस, आणि तुझ्या जागी मी असतो तरी तेच ठरवलं असतं. रघु अजून त्याला देवमाणूस म्हणतो. पण एवढ्या वयात मला एक गोष्ट दिसली आहे. गोळीबार चालू असताना चांगलं वागणारी माणसं मी बरीच पाहिली. चहात साखर कमी पडल्यावर चांगलं वागणारी त्या मानाने थोडी. आणि घर चालतं ते या दुसऱ्यांच्या भरवशावर.

तुझी पत्रं मी खोक्यात ठेवत नाही, ती मला पाठ असतात. सुरुवातीला तू लिहायचीस, "मनमोहन म्हणतो." पानंच्या पानं. नदीवरची बोट, क्लबातली नाताळची मजा, बुधवारचा बायकांचा खेळ, तू मारलेल्या बॉलला सगळ्यांनी टाळ्या दिल्या ते. मग "मनमोहन म्हणतात" झालं. बायकोने नवऱ्याला अहोजाहो करावं, त्यात काय, असं तुझी आई म्हणाली. मग "हे" झालं. बुधवारचा खेळ पत्रातून गेला. क्लबात बायका हसतात म्हणून यांना आवडत नाही, असं एका ओळीत आलं. मग मैत्रिणींची नावं गेली. मग आमचं काही विचारणंही थोडं झालं आणि सगळी पत्रं गोल्फने भरली: बंगल्यामागच्या भाजीच्या वाफ्यापलीकडे मोकळी जागा आहे, तिथे मी एकटीच मारते, हात बरा बसला आहे. आणि या वेळच्या पत्रात तू लिहिलं आहेस, "साहेब दुपारी झोपतात तेव्हा."

साहेब. मी तो शब्द परत वाचला. मला वाटलं, तुमच्या मोठ्या साहेबांविषयी लिहिते आहेस.

आणि त्याखाली तुझा दुसरा प्रश्न. मी वर एवढं लिहिलं, पण त्याला हात लावला नाही. तुला वाटलं असेल, पपांच्या नजरेतून सुटला. तू विचारलं आहेस, "आणि पपा, मारल्यावर ज्याचा आवाज होत नाही असा एखादा बॉल असतो का हो? असला तर तोच सांगा. जास्त लांब नाही गेला तरी चालेल."

माझा सगळा जन्म त्या दुकानात गेला. लांब जाणारा बॉल लोकांनी मागितला, सरळ जाणारा मागितला, हरवला तरी सापडेल असा मागितला, एका नबाबाने तर सोन्याचा मुलामा दिलेला मागितला. आवाज न होणारा बॉल मात्र कुणी कधी मागितला नाही. मी तुझं पत्र रघुकडे दिलं. दुकानातल्या मालाचं त्याला माझ्याइतकंच माहीत, वाटलं तो काही सुचवील. त्याने ती ओळ बोट फिरवत वाचली. मग काउंटरवरचं फडकं उचललं, घडी केली, उलगडलं, पुन्हा घडी केली. म्हणाला, "शेट, असो बॉल खंय गावतलो?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ताईंका घराक घेवन येवा."

कालिंदीबाई त्याच संध्याकाळी घरी चहाला आल्या. आईने विचारलं, लीला बरी आहे ना? त्या म्हणाल्या, "खेळतात फार छान." आई म्हणाली, "ती बरी आहे का, ते विचारलं मी." कालिंदीबाईंनी कप बशीत ठेवला. भल्या बाई आहेत. दुसऱ्याच्या घरचं बाहेर आणायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, या कात्रीत सापडल्या होत्या. निघताना दारात चप्पल घालता घालता एवढंच म्हणाल्या, "ताईंना थोडे दिवस माहेरी येऊ द्या. त्यांचं बोलणं ऐकायची सवय होती मला. आता त्यांना दोनदा विचारावं लागतं, काय म्हणालात."

त्या गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ दिवा न लावता बसलो. मी म्हटलं, तू तिला पत्र लिही, आईला मुली सांगतात. आई म्हणाली, "मी विचारलं तर ती खोटं लिहील, आणि खोटं लिहावं लागलं म्हणून आणखी झुरेल. लग्न तिने स्वतः ठरवलंय. ती हरलेय असं आपल्याला कधी कळू देणार नाही. तुम्हीच जा." मी म्हटलं, वाडीतले लोक? तर तुझी आई, जी लोकांना भिऊन आजवर गॅलरीत मोठ्याने हसली नाही, ती म्हणाली, "लोकांना संध्याकाळपर्यंत दुसरा विषय मिळतो."

म्हणून हे पत्र, पोरी. बॉलविषयी जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण तेवढ्यासाठी एवढी पानं लागली नसती. कालिंदीबाई बुधवारी निघतात. मनमोहन कारखान्यात असताना त्या हे तुझ्या हातात देतील. वाचून झालं की चुलीत टाक, मला वाईट वाटणार नाही. मीही त्यांच्यामागोमाग कलकत्ता मेलने निघतो आहे. तुमच्या क्लबाला खेळाचं सामान हवं आहे का ते विचारायला आलो, असं मी सांगेन; दुकानदाराला ते शोभतं. त्यांच्याबरोबरच येऊ शकलो असतो, पण मी अचानक दारात उभा राहिलो असतो तर तुला आधी हसावं लागलं असतं, घर नीट आहे असं दाखवावं लागलं असतं. तशी पाळी तुझ्यावर येऊ नये. मी पोचेपर्यंत विचार करायला थोडे दिवस तुझ्याजवळ असू देत. मी आल्यावर तू मला काही सांगायचं नाहीस आणि मी काही विचारणार नाही. मनमोहनशी मी भांडणार नाही. त्याने एकदा माझ्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते माझ्या मनातून पुसलं जायचं नाही. पण त्या उपकाराने तू तिथे राहायला बांधलेली नाहीस. यायचं असेल तर लुगड्यांची एक पेटी भर. महिन्यासाठी म्हण, वर्षासाठी म्हण, काहीही न म्हणता ये. तुझी आई सांगते, खोली तुझीच आहे, आणि इथे तुला कितीही मोठ्याने बोलता येईल. राहायचं असेल तर राहा. मी चार दिवस पाहुणचार घेईन, तुमचं धुकं बघेन आणि नदी ओलांडून परत जाईन. कलकत्त्याहून मुंबईची तिकिटं मी कालच सांगून ठेवली आहेत. दोन सांगितली आहेत. त्यातलं एक वाया गेलं तर जाऊ दे. त्या जागेवर पाय पसरून मी मुंबईपर्यंत झोपत येईन, आणि त्याबद्दल तुला जन्मात एक शब्द विचारणार नाही.

वाटेवरच असलेला,
तुझाच,
पपा